वरच्या मजल्यावर बांगला बंद

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटवायची नाही आणि शेजारपाजारच्यांनी तिथे जेवण पोचवायचं, ही आमच्या कोकणातल्या मुसलमानांची रीत. ओमानला येऊन माझा जन्म गेला तरी मी ती सोडलेली नाही. इथे सहम गावात, आमच्या बिल्डिंगीत किंवा मागच्या गल्लीत कुणाकडे काही बरंवाईट झालं की पहिला टोप माझ्या घरून जातो. आमचे हे म्हणतात, "तू लोकांच्या मरणाची वाटच बघत असतेस." म्हणू देत. हार्डवेअरच्या दुकानात बसून दिवसभर खिळे विकणाऱ्या माणसाला रीतभात काय कळणार!

तर त्या फेब्रुवारीत एका सकाळी मी गॅलरीत चादरी झटकत होते. खाली कंपाउंडमध्ये बघते तर वरच्या मजल्यावरचं बंगाली कुटुंब. नुकतंच राहायला आलेलं, तोवर जिन्यात सलाम-दुआ एवढीच ओळख. बाईच्या अंगावर पांढरी साडी, तिला काळे काठ. नवऱ्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर काळी फीत. त्याच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी, तिलासुद्धा काळा फ्रॉक. तिघंही अनवाणी. बाई कुंपणावरच्या बोगनवेलीची फुलं खुडून पदरात भरत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

परमुलखात बिचाऱ्यांच्या घरी मयत झालं आणि आपण चादरी झटकतोय! तशीच आत धावले. डाळ शिजवली, भात टाकला, बटाट्याची भाजी केली, डोक्यावर ओढणी घेतली, चेहरा जमेल तेवढा पाडला आणि टोप घेऊन वर गेले. दार सताड उघडं, घरात कुणी नाही. गच्चीवर चाहूल लागली म्हणून आणखी एक जिना चढले.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्या मधे अॅल्युमिनियमचे पाच खांब उभे केलेले. खिडक्यांच्या चौकटींना लावतात ना, तसले. मधला सगळ्यांत उंच, त्याची मान पुढे वाकवलेली, दोन्ही बाजूंना दोन-दोन ठेंगणे. पाठीमागे लाल प्लास्टिकची थाळी अडकवलेली. खाली फुलं. समोर ते तिघं माना खाली घालून उभे. मला वाटलं, या अल्ला, गच्चीवर कबर? बलदियावाले, म्हणजे इथले नगरपालिकावाले, बघतील तर काय होईल! पण वेळ ती नव्हती. मी मोठ्याने "इन्ना लिल्लाह" म्हटलं आणि हिंदीत विचारलं, "कौन गुजर गया?"

बाई वळली. डोळे भरलेले. ती जे काही बोलली ते सगळं बांगलामध्ये, मला ओ की ठो कळलं नाही. मग तिने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. माझ्या पायात चपला. आली का पंचाईत! चपला काढल्या, टोप सांभाळला. नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "भाबी, आज के दिन वो सिर्फ बांगला बोलती है."

"अरे पण गेलं कोण?"

"भाषेसाठी जे गेले, ते."

"कधी?"

"बावन साली."

मी हातातल्या टोपाकडे बघितलं. "भाई," मी म्हटलं, "म्हणजे बावन सालचं जेवण मी आज घेऊन आले?"

तो बिचारा हसू दाबायला गेला आणि त्याला ठसका लागला. बायकोने आधी डोळे वटारले, मग तिचाही तोल गेला. पदर तोंडात कोंबून ती हसत सुटली. मी काय करणार, मीही हसले. शेवटी टाकीच्या सावलीत बसून आम्ही तो डाळ-भात संपवला. त्या छोटीने माझ्या हातून खाल्लं. एक शब्द बोलली नाही, पण ताटातला बटाटा संपला की माझा हात धरून टोपाकडे न्यायची.

दुसऱ्या दिवशी ती बाई टोप परत द्यायला आली. कोकणातल्यासारखंच, रिकामा नाही, त्यात शेवयांची खीर. आता हिंदी बोलायला मोकळी होती, म्हणून मी तिला बसवून सगळं विचारून घेतलं. आमच्या दोघींची हिंदी म्हणजे काय सांगू, ऐकणाऱ्याने कानात बोटं घालावीत. म्हणून तिची हकीकत इथे मराठीतच लिहिते.

फाळणी झाली आणि त्यांचा मुलूख पाकिस्तानात गेला. पाकिस्तानातले निम्म्याहून जास्त लोक तिकडचेच, बांगला बोलणारे. पण सरकारने ठरवलं, राज्याची भाषा एकटी उर्दू. कचेरीत उर्दू, नोटेवर उर्दू. मुसलमान ना तुम्ही, मग उर्दूच बोला. ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पोरं मेली. त्या सरकारला मग काही वर्षांनी बांगलाला मान्यता द्यावीच लागली. तिच्या आईचे वडील तेव्हा चाटगावला, म्हणजे आपण चितगाव म्हणतो तिथे, शाळेत होते. बातमी आली तशी चपला काढून मोर्चात गेले. म्हणून एकवीस फेब्रुवारीला अनवाणी चालायचं, शहीद मिनारला, म्हणजे त्या पोरांच्या स्मारकाला, फुलं वाहायची. सहममध्ये मिनार कुठून आणणार? तिच्या नवऱ्याचं अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. उरल्यासुरल्या तुकड्यांचा तो दरवर्षी बनवतो.

"मधली वाकलेली आहे ना," ती म्हणाली, "ती आई. बाजूला तिची मुलं."

भाषेपायी गोळ्या ही गोष्ट मी शाळेत कधीतरी वाचली असेन, विसरलेही असेन. पण मुसलमान ना तुम्ही, मग उर्दू बोला, हे मात्र मला पाठ होतं. रायगडच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव. उर्दू शाळा खाडीच्या पलीकडे, मराठी शाळा घराला लागून. बाबांनी मला मराठी शाळेत घातलं, कारण होडीत मला उलट्या व्हायच्या. एवढंच कारण, मोठी क्रांती वगैरे काही नाही. पण सगळं खानदान उलथलं. मामू म्हणाले, मुसलमानाची पोर आणि मराठी शाळेत? अहो, पण हे बोलणारे मामू स्वतः घरात काय बोलत होते? कोकणी बोलीच! उर्दूवर माझा राग नाही, गोड भाषा आहे, ऐकत राहावी अशी. पण आयेने मला शिव्या दिल्या त्या काही उर्दूत नव्हे.

आणि दुसऱ्या बाजूची तऱ्हा वेगळीच. मस्कतला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की कोणीतरी पुण्याच्या वहिनी हटकून म्हणणार, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी म्हणते, "वहिनी, तुमचंही बरं आहे." मग त्या दुसऱ्या टेबलावर जातात.

हे मी वरचीला सांगितलं तर तिने माझ्या मांडीवर थापच मारली. ती चाटगावची. तिची बोली ढाक्याच्या लोकांना कळत नाही, कळली तर हसतात. तिच्या सासरच्या एका शहाण्या जावेने तिला विचारलं होतं, "हे बांगला आहे होय?" झालं, आमची गट्टी जमली. त्या दिवसापासून ती मला आपा म्हणायला लागली आणि पोरीची मी खाला, म्हणजे मावशी, झाले. आमच्या बोलीत आणि त्यांच्या बोलीत भात तो भातच निघाला, हात तो हातच. मासा तर दोघींचा जीव. सकाळी बाजारात ताजे बांगडे आले की ती वरून हाक मारायची आणि मी खालून. मधल्या मजल्यावरच्या केरळच्या नर्सबाईंना रात्रपाळी करून झोपायचं असायचं, त्या दार आपटायच्या.

ऑक्टोबरमध्ये एक गंमत झाली. दिल्लीने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि त्याच दिवशी बंगालीलाही. माझ्या फोनवर फेटे, तुताऱ्या, मोरपिसं यांचा नुसता पाऊस. मी लगोलग रव्याचे लाडू वळले आणि वर गेले. "बाय, तुझ्या भाषेला आणि माझ्या भाषेला एकदमच मान मिळाला!" तिने लाडू घेतला, खाल्ला, म्हणाली, "आपा, दिल्ली तुमची. आमचं सत्तर वर्षांपूर्वीच झालंय." असा राग आला! मग म्हटलं, बरोबर आहे, हिच्या मान्यतेपुढे आपले लाडू काय. दुसरा लाडूही तिलाच दिला.

आणि त्यानंतर पंधरवडाही झाला नसेल, तिच्याच घरात तिच्या भाषेवर बंदी आली.

झालं असं की पोरगी बोलत नव्हती. चार वर्षांची होत आली तरी 'मा' आणि 'ना', एवढेच दोन शब्द. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. डॉक्टरने कान तपासले, म्हणाला, बोलेल, काही मुलं उशिरा बोलतात, घरात तिच्याशी भरपूर बोलत राहा. पण केजीच्या प्रवेशाची वेळ आली होती. बंगाली शाळा लांब, तिची बस इकडे येत नाही. म्हणून नवऱ्याने गावातली एक इंग्रजी शाळा पाहिली. तिथल्या बाईंनी विचारलं, घरात कोणती भाषा? बांगला. टीव्हीवर? हिंदी. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर अरबी. बाई म्हणाल्या, मुलीचा गोंधळ होतोय, म्हणून गप्प आहे. घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी, नाही जमलं तर हिंदी. फेब्रुवारीच्या शेवटी आणा, बोलली तर घेऊ.

डॉक्टरचं कुणी ऐकलं नाही, शाळेच्या बाईंचं ऐकलं. प्रवेश तर त्यांच्याच हातात होता. घरी येऊन नवऱ्याने जाहीर केलं, प्रवेश होईपर्यंत घरात बांगला बंद.

आता ही बाई कशी, तर उठल्यापासून झोपेपर्यंत पोरीशी बोलणारी. वेणी घालताना बोलायची, मासे साफ करताना बोलायची, कपडे वाळत घालताना गच्चीवरून तिचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. पोरगी उत्तर देत नाही याचं तिला काही नव्हतंच, दोघींच्या वाटचं तीच बोलायची. तिला हिंदी येत होती ती बाजारापुरती. 'कितने का', 'जास्ती है', 'कल आना'. एवढ्यावर पोटच्या पोरीशी काय बोलणार? "खाना खाओ." "सो जाओ." संपलं. वरचा आवाजच बंद झाला. नर्सबाईंची झोप होऊ लागली, पण मला चैन पडेना.

एकदा सहज वर गेले तर ही पोरीची वेणी घालत होती, ओठ मिटून. मुलगी मान वळवून वळवून आईच्या तोंडाकडे बघत होती, काय बिघडलंय याचा अंदाज घेत असल्यासारखी. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. नवरा वर्कशॉपमधून यायची वाट बघत मी तिथेच ठाण मांडलं.

तो आला, तसा मी तोंडाचा पट्टा सोडला. "भाई, हे मी काय बघते? गच्चीवर फुलं वाहायची आणि घरात बोलायची बंदी? त्या वेळच्या सरकारात आणि तुझ्यात फरक काय रे? त्यांनी निदान स्वतःच्या बायकोची बोलती बंद केली नव्हती!"

"भाबी, शाळेने सांगितलं."

"शाळेने उद्या डोक्यावर उभं राहायला सांगितलं तर राहशील?"

तो खुर्चीवर बसला. तसा गरीब स्वभावाचा माणूस, मला वाटलं आता ऐकेल. पण तो म्हणाला, "भाबी, साइटवर मला कोणी नावाने हाक मारत नाही. 'ए बंगाली, शिडी पकड.' काच फुटली की 'कोणत्या बंगाल्याने फोडली?' वर्कशॉप माझं स्वतःचं झालं तरी गिऱ्हाईक येतो तो विचारतो, बंगाली कुठाय? नाव इतकं घाण करून टाकलंय लोकांनी. माझ्या मुलीला वर्गात कोणी 'ए बंगाली' म्हटलेलं मला चालणार नाही. ती फाडफाड इंग्रजी बोलू दे, मग कुणी विचारणार नाही ती कुठली."

हे मी ऐकलेलं होतं. आमच्या दुकानात, आमच्याच गिऱ्हाइकांच्या तोंडून. खोटं कशाला सांगू, आमच्या ह्यांच्याही तोंडून.

मी उठले तसा तो म्हणाला, "भाबी, तुमची हिंदी चांगली आहे. रोज सकाळी दोन तास हिला तुमच्याकडे बसवतो. तुम्ही बोला तिच्याशी, शिकेल." भांडायला गेलेली मी, हिंदीची मास्तरीण होऊन खाली आले. आमचे हे हसून हसून लोळले.

मी मनापासून सुरुवात केली, अगदी खरं. पहिल्या सकाळी पोरीला ओट्याशेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "देखो बेटा, ये मछली है. मछली पानी में रहती है." बेटा मछलीकडे बघत राहिली. तेवढ्यात दूध उतू गेलं. "आय गो, गेला दूध!" झालं, तिथून पुढे मी कधी हिंदीवर परतले ते मलाही आठवत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. बांगडा साफ करताना माझ्या तोंडून हिंदी निघतच नाही, काय करू? भाकरी थापताना तर अजिबात नाही. मी आपली बोलत असायची, "बस गो इथं, हात नको लावूस, भाजशील. ह्या बांगड्याला डोला बघ कसा हाय. खातेस काय भाकरी? नको? मग काय करू तुना?" ती ऐकत राहायची, डोळे मोठे करून. माझ्या दोन्ही मुलांना वाढवून झालं, एक पुण्यात शिकतोय, एक मस्कतला कामाला आहे, आणि दोघं माझ्याशी बोलतात ते अर्धं इंग्रजीत. कितीतरी वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी माझं बोलणं इतकं कान देऊन ऐकत होतं. मला बरं वाटत होतं.

वरून नवरा विचारायचा, "भाबी, हिंदी कैसी चल रही है?" मी म्हणायची, "एकदम फर्स्ट क्लास." आणि वरच्या बाईची हिंदी मात्र खरोखर सुधारत होती. मोबाइलवर बघून बघून शिकत होती, दातओठ खाऊन. पोरीसाठी आई काय काय करते! पण पोरीशी बोलताना ती प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायची आणि मग बोलायची. तोवर पोरगी उठून गेलेली असायची.

पुन्हा एकवीस फेब्रुवारी आली. तेव्हा शुक्रवार होता, रमजान तोंडावर आलेला. सकाळी लवकरच नवरा माझ्या दारात. अनवाणी, पांढरा कुर्ता, काळी फीत. चेहरा उतरलेला. "भाबी, मिनार उभारलाय. ती वर यायला तयार नाही. तुम्ही सांगा तिला."

"आणि मुलगी?"

"ती माझ्याबरोबर आहे, वर."

मी चपला दारातच काढल्या, या खेपेला आठवण होती. ती बेडवर बसलेली. रोजचाच सलवार-कमीज. पांढरी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेली, घडी मोडलेली नव्हती. मी म्हटलं, "चल बाय, बाराही महिने भांडता येईल. आजच्या दिवशी नको."

ती माझ्याकडे बघून हिंदीत बोलली. नवी शिकलेली, स्वच्छ हिंदी, एकही चूक नाही. "आपा, मुँह पर ताला लगाकर मैं फूल नहीं चढ़ाऊँगी."

ज्या दिवशी ती बांगलाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढत नाही, त्या दिवशी ती हे हिंदीत बोलली. मला इतकं वाईट वाटलं, की तिच्या शेजारी जाऊन नुसती बसले. तिने विचारलं, "ती पहिल्यांदा बोलेल तेव्हा हिंदीत बोलेल ना, आपा? आणि मला कळेल, पण लागणार नाही." लागणार नाही म्हणजे आत लागणार नाही, तिने छातीवर हात ठेवून सांगितलं.

तेवढ्यात गच्चीवरून किंकाळी आली.

आम्ही दोघी धावलो. मी वयाने मोठी, अंगाने जाड, ती माझ्या पुढे. गच्चीवर पोरगी एका पायावर उभी, दुसऱ्या पायातून रक्ताचा थेंब. अॅल्युमिनियम कापताना उडालेली कपची असते ना, बारीक, सुईसारखी, ती रुतली होती. बाप गुडघ्यावर बसून तिचा पाय धरायला बघत होता. आईने दोन्ही हात पसरले.

पोरीने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि आईच्या हातांखालून निसटून, लंगडत माझ्याकडे आली, माझा झगा घट्ट धरला आणि रडत रडत म्हणाली, "खाला गो, पायान रुतला! मना दुखता!"

स्पष्ट. अख्खं. माझ्या आयेच्या हेलात.

मला आधी काय झालं तेच कळेना. मग मी ओरडले, "बोलली! अरे, पोरगी बोलली!" तिला उचलून घेतलं, तिचे पटापट मुके घेतले, रडले, हसले. माझ्या बोलीत बोलली! माझी मुलं बोलत नाहीत, आणि ही चाटगावची चिमुरडी बोलली! मी तिला घेऊन गोल फिरलेसुद्धा असेन. पायातलं रक्त माझ्या झग्याला लागलं तेही कळलं नाही.

मग आईचा आवाज आला.

"क्या बोली?" ती विचारत होती. "आपा, मेरी बेटी क्या बोली?"

मी थांबले. तिचे हात अजून तसेच पसरलेले होते. पोटच्या पोरीचं पहिलं वाक्य, आणि आई शेजारणीला विचारत होती त्याचा अर्थ. मला त्या क्षणी गच्चीतून खाली जावंसं वाटलं. पण सांगायला तर हवं. मी सांगितलं, "पैर में कुछ चुभ गया, बोली. दुखता है, बोली."

तिने ते हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं. "दुखता है."

नवरा खालीच बसलेला होता. त्याने सगळं ऐकलं. हिंदी नव्हे हे त्याला कळलंच असणार. तो उठला, माझ्या कडेवरून पोरीला घेतलं आणि नेऊन आईच्या हातात दिलं. आणि बांगलामध्ये काहीतरी म्हणाला, थोडकंच. मागाहून तिने मला त्याचा अर्थ सांगितला. तो म्हणाला होता, "तू बोल तिच्याशी. शाळेचं मी बघतो. तू आधी बोल."

आणि ती बोलायला लागली. या खुदा, काय बोलली! इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. आधी पोरीला रागावली, मग चुचकारलं, मग पायाशी बोलली, त्या कपचीला शिव्या घातल्या, नवऱ्याला घातल्या, बहुधा मलाही दोन घातल्या, मला काही कळलं नाही पण हक्काने घातल्या असणार. बंगाली लोक मुलीला लाडाने 'मा' म्हणतात. ती तिला 'मा, मा' म्हणत होती आणि पोरगी रडायची थांबून आईच्या ओठांकडे टक लावून बघत होती. नवऱ्याने कपची काढली ते तिला समजलंसुद्धा नाही. फुलं टोपलीतच राहिली होती. खालून नर्सबाईंनी दार आपटलं.

शाळेचं विचाराल तर, महिन्याच्या शेवटी त्या बाईंपुढे पोरगी एक अक्षर बोलली नाही. कुठल्याच भाषेत. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी आणा. नवरा म्हणाला, आणू, आणि येताना तिघांनी समुद्रावर जाऊन आइस्क्रीम खाल्लं. माझी हिंदीची मास्तरकी सुटली. पण पोरीचं येणं काही सुटलं नाही, सकाळी भाकरी थापायच्या वेळेला ती स्टुलावर हजर.

ईद होऊन गेल्यावरची गोष्ट. मी पीठ मळत होते, आणि माझं नेहमीचं चालू होतं. बांगडे महाग झाले, नळाला पाणी नाही, ह्यांना काही कळत नाही. ती स्टुलावर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि एक भलंमोठं वाक्य माझ्या तोंडावर फेकलं. लांबलचक, न अडखळता, मान हलवून हलवून. मला त्यातला खाला एवढा एकच शब्द कळला.

मी पिठाच्या हातांनी जिन्यात धावले आणि वर बघून ओरडले, "अगो बाय! खाली ये! ही काय बोलली? मला सांग, ही काय बोलली?"

ती दोन-दोन पायऱ्या उतरत आली. पोरीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आईने ऐकलं, आणि तिथेच जिन्यात मटकन बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आपा," ती म्हणाली, "ती म्हणते, खाला, तू किती बोलतेस! जरा गप्प बस, मला बोलू दे."

बसले मग गप्प. काय करणार!